भूल आणि जागरूकता

दाढदुखी म्हणजे काय हें ज्यानें एकदां अनुभविलें आहे, त्यास तिचें वर्णन सांगावयास नको. रात्र सरतां सरत नाहीं, अन्न गोड लागत नाहीं, आणि सकाळीं दंतवैद्याच्या दारांत पाऊल टाकतांच दुखणें अर्धें पळून जातें! आज त्या खुर्चींत बसणाऱ्यास सुईच्या टोंचणीपलीकडे फारसें कांहीं सोसावें लागत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही स्थिति नव्हती. दोघांनीं धरावें, एकानें ओढावें व रोग्यानें ओरडावें, हीच दांत काढण्याची रीति होती. ही रीति पालटली तें भूल देण्याच्या शोधामुळें. पण वेदना नाहींशी करण्याचा शोध लागणें आणि तो शोध रोग्याच्या जिवास निर्भय होणें ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली जवळजवळ एका दिवसांत घडली. दुसरीस शंभराहून अधिक वर्षें लागलीं. ह्या दुसऱ्या गोष्टीचा परिचय करून देण्याचा येथें विचार आहे.

भुलीच्या शोधाचा पहिला मान दंतवैद्यांकडे जातो. अमेरिकेंतील हार्टफर्ड शहरीं १८४४ च्या डिसेंबर महिन्याच्या १० तारखेस कोल्टन नांवाच्या गृहस्थांनीं नायट्रस ऑक्साइड ऊर्फ हास्यवायूचे प्रयोग लोकांस करून दाखविले. वायु हुंगलेला एक तरुण धुंदींत धडपडला व त्याच्या पायास जखम झाली. परंतु ती झाल्याची त्याला दादही नव्हती. प्रेक्षकांत होरेस वेल्स नांवाचा दंतवैद्य बसला होता. इतरांनीं हंसून सोडून दिलेली ही गोष्ट त्याच्या मनांत घर करून राहिली. दुसऱ्याच दिवशीं त्यानें स्वतः तो वायु घेतला आणि आपल्या एका व्यवसायबंधूकडून आपलीच दाढ काढून घेतली. वेदना झाली नाहीं. पुढील महिन्यांत बोस्टन येथें त्यानें हाच प्रयोग जाणत्या मंडळींपुढें केला, तेव्हां वायु कमी पडल्यामुळें रोगी ओरडला व वेल्सची हेटाळणी झाली. त्याचा पूर्वीचा सहकारी मॉर्टन हाही दंतवैद्यच. त्यानें ईथर नांवाच्या द्रवाची वाफ वापरून १८४६ च्या सप्टेंबरांत एका रोग्याचा दांत काढला व १६ ऑक्टोबर रोजीं बोस्टनच्या मोठ्या रुग्णालयांत ईथरनें भूल देऊन दाखविली. त्या दिवशीं तेथील वृद्ध शस्त्रवैद्य वॉरन यांनीं रोग्याच्या मानेवरील गांठ काढली. थोड्याच महिन्यांत ही वार्ता जगभर पसरली.

१८४७ च्या नोव्हेंबरांत एडिंबरोच्या डॉ. सिम्प्सन यांनीं क्लोरोफॉर्म प्रचारांत आणला. ईथरपेक्षां त्याचा वास गोड, परिणाम जलद, व तो देण्यास एक रुमाल पुरे. साहजिकच सर्वांनीं त्याचा स्वीकार केला. परंतु तीन महिनेही लोटले नाहींत तोंच, २८ जानेवारी १८४८ रोजीं, इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचें नख काढण्यासाठीं क्लोरोफॉर्म दिला असतांना दोनतीन मिनिटांतच दगावली. क्लोरोफॉर्मनें झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यु होय. त्याच आठवड्यांत, वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षीं, होरेस वेल्स यांचाही शोचनीय अंत झाला. स्वतःवर केलेल्या क्लोरोफॉर्मच्या प्रयोगांनीं त्यांच्या मनाचा तोल गेला होता. जें औषध वेदना हरण करतें तें प्राणही हरण करूं शकतें, हें जगास अशा रीतीनें कळून आलें.

येथून संशोधनास आरंभ झाला. लंडनचे डॉ. जॉन स्नो यांनीं प्रथम विचारिलें कीं, रुमालावर ओतलेल्या औषधापैकीं रोग्याच्या फुप्फुसांत नेमकें किती जातें? रुमाल हें माप नव्हे. उष्णतामान वाढलें कीं वाफ अधिक होते, हें ध्यानांत घेऊन त्यांनीं वाफेचें प्रमाण आंवरून धरणारीं यंत्रें तयार केलीं, आणि भूल कसकशी चढत जाते त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. अपघातानें झालेल्या मृत्यूंची हकीकत जमवून तिचा कसून अभ्यास करण्याचा पायंडाही त्यांनींच पाडला. ‘दैवाची इच्छा’ म्हणून स्वस्थ न बसतां ‘हें कां घडलें’ असें विचारणें, हाच सुरक्षिततेचा पाया होय.

ह्या प्रश्नाच्या इतिहासांत आपल्या जवळचाही एक अध्याय आहे. मराठवाडा ज्या संस्थानांत मोडत असे, त्या हैदराबाद संस्थानांत १८८८ व १८८९ सालीं क्लोरोफॉर्मविषयीं दोन चौकशी-मंडळें बसलीं. तेथील वैद्यकशाळेचे प्रमुख डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे पुरस्कर्ते असून खर्च निजाम सरकारनें सोसला. दुसऱ्या चौकशीसाठीं लंडनहून डॉ. लॉडर ब्रंटन मुद्दाम आले होते. भूल देण्याचें काम करणाऱ्या जगांतील पहिल्या स्त्रियांत जिची गणना होते, ती रूपाबाई फर्दुनजी ही ह्याच वैद्यकशाळेची विद्यार्थिनी. शेंकडों जनावरांवर प्रयोग करून मंडळानें असा निर्णय दिला कीं, क्लोरोफॉर्मनें प्रथम श्वास बंद पडतो, हृदय मागाहून. म्हणून श्वासाकडे लक्ष ठेविलें कीं भय नाहीं.

हा निर्णय अर्धाच खरा ठरला. श्वासावर नजर ठेवावी हें योग्यच होतें. परंतु कांहीं रोगी श्वास नीट चालू असतांनाच एकाएकीं दगावत, आणि तेही पुष्कळदां दांत काढण्यासारख्या क्षुल्लक कामाच्या वेळीं. मोठी शस्त्रक्रिया सुखरूप पार पडावी आणि एका दाढेपायीं प्राण जावा, हें कोडें कोणास उलगडेना. १९११ सालीं लंडनच्या डॉ. गुडमन लेव्ही यांनीं तें सोडविलें. मनुष्य घाबरला म्हणजे त्याच्या शरीरांत ॲड्रिनलिन नांवाचा रस अधिक उत्पन्न होतो. क्लोरोफॉर्मची भूल कच्ची असतांना हा रस हृदयास पोंचला, तर हृदय ठोके देण्याचें सोडून नुसतें थरथरूं लागतें व रक्त पुढें ढकललें जात नाहीं. दांत काढावयाचा म्हणून वैद्य भूल थोडीच देत, आणि खुर्चींतील रोगी भयानें अर्धमेला झालेला असे. म्हणजे जेथें काम लहान, तेथेंच संकट मोठें! कोणतेंही काम ‘किरकोळ’ म्हणून सावधगिरी सोडूं नये, हा धडा तेव्हांपासून वैद्यकानें गिरविला. क्लोरोफॉर्म तर पुढें मागें पडत जाऊन प्रचारांतून नाहींसा झाला.

तोंडाच्या शस्त्रक्रियेंत आणखी एक अडचण असते. पोटावर किंवा पायावर शस्त्रक्रिया चालू असतां भूल देणारा रोग्याच्या तोंडाशीं निर्वेधपणें बसूं शकतो. परंतु दांताच्या कामांत शस्त्रवैद्याची जागाही तीच आणि श्वासाची वाटही तीच. रक्ताचा थेंब, दांताचा तुकडा, कापसाचा बोळा, यांपैकीं कांहीं श्वासनलिकेंत उतरलें तर अनर्थ ओढवतो. जागा मनुष्य खोकून तें बाहेर टाकतो; भुलींत असलेल्यास खोकतांही येत नाहीं. पहिल्या महायुद्धांत चेहऱ्यावर गोळे लागून जबडे फुटलेले सैनिक इंग्लंडांत सिडकप येथील रुग्णालयांत येऊं लागले, तेव्हां हा प्रश्न ऐरणीवर आला. तेथील डॉ. मॅगिल व डॉ. रोबोथम यांनीं नाकावाटे अगर तोंडावाटे थेट श्वासनलिकेंत नळी बसवून तींतून श्वास चालविण्याची पद्धति परिपूर्ण केली. आज जबड्याच्या मोठ्या शस्त्रक्रियेंत नाकांतून नळी घालतात, घशांत ओल्या पट्टीचा बांध घालतात, आणि शेवटीं ती पट्टी मोजून परत घेतात. कारण विसरलेली पट्टी ही स्वतःच श्वासाचा मार्ग अडवूं शकते.

सुदैवानें दांताच्या बहुतेक कामांस पुरी भूल लागतच नाहीं. तेवढा भाग बधिर केला कीं पुरतें. १८८४ सालीं कार्ल कोलर यांनीं कोकेनच्या थेंबांनीं डोळा बधिर करून दाखविला, व लवकरच अमेरिकेचे डॉ. हॉल्स्टेड यांनीं जबड्याच्या मज्जातंतूजवळ तें टोंचून दांत बधिर केले. पण स्वतःवर प्रयोग करतां करतां त्यांस कोकेनचें व्यसन जडलें. मग निर्धोक औषधाचा शोध सुरू झाला. विसाव्या शतकाच्या आरंभीं जर्मनींत आइनहॉर्न यांनीं प्रोकेन तयार केलें, आणि १९४३ सालीं स्वीडनमध्यें लॉफग्रेन व लुंडक्विस्ट यांनीं लिडोकेन. आजही दंतवैद्य तेंच सर्रास वापरतात. वेदनेची वर्दी मज्जातंतूंतून जाण्यासाठीं सोडियमचे कण त्याच्या आंत शिरावे लागतात. हें औषध ती वाट कांहीं वेळ बंद करतें, व मेंदूस वर्दी पोंचत नाहीं.

येथेंही प्रमाण हाच प्राण होय. विद्यार्थ्यांनीं पुढील साधें गणित करून पाहावें. शेंकडा २ ह्या प्रमाणाच्या द्रावणाच्या एका मिलिलिटरांत २० मिलिग्रॅम औषध असतें. १.८ मिलिलिटरांच्या नळींत तें ३६ मिलिग्रॅम होतें. मुलांस वजनाच्या दर किलोग्रॅमास ४.४ मिलिग्रॅम ही मर्यादा धरण्याचा प्रघात आहे. तेव्हां २० किलोग्रॅम वजनाच्या मुलास फार तर ८८ मिलिग्रॅम, म्हणजे अडीच नळ्यांहूनही कमी. मोठ्या माणसास चालणाऱ्या चार नळ्या अशा मुलास धोक्याच्या ठरतील. म्हणूनच दक्ष दंतवैद्य आधीं मुलाचें वजन विचारतो, आणि सुई टोंचल्यावर दट्ट्या किंचित् मागें ओढून रक्त येत नाहीं ना, हें पाहतो. कारण औषध रक्तवाहिनींत गेलें तर तें थेट हृदयाकडे व मेंदूकडे धांव घेतें.

वेल्सचा हास्यवायु पुढें पुन्हां प्रचारांत आला. त्यांत प्राणवायूचे अणु असले, तरी ते बांधलेले असल्यामुळें शरीरास त्यांचा उपयोग होत नाहीं. नुसता तो वायु दिला तर रोगी काळानिळा पडे. १८६८ सालीं शिकागोच्या डॉ. अँड्र्यूज यांनीं त्यांत प्राणवायु मिसळण्याची युक्ति सुचविली. आजचीं दंतवैद्यकाचीं यंत्रें अशीं रचलेलीं असतात कीं, प्राणवायूचा सांठा संपला तर हास्यवायु आपोआप बंद पडावा. मनुष्य चुकणारा प्राणी आहे हें ओळखून यंत्रच असें घडवावें कीं चूक घडूंच नये, हा फार मोठा विचार होय.

आणखी एक लहानसें उपकरण आज सर्वांच्या परिचयाचें झालें आहे. जपानांतील ताकुओ आओयागी यांनीं १९७४ सालीं अशी युक्ति मांडली कीं, कानाच्या पाळींतून लाल व अदृश्य तांबडा प्रकाश सोडला असतां रक्तांत प्राणवायु किती आहे हें सुई न टोंचतां कळावें. ओठ निळे दिसूं लागण्याच्या आधींच हें उपकरण इशारा देतें. तथापि रोग्यास वरून प्राणवायु दिला जात असेल, तर श्वास थांबल्यावरही कांहीं काळ बोटावरचा आंकडा चांगलाच दिसतो. म्हणून बाहेर पडणाऱ्या श्वासांतील कार्बन डायऑक्साइडही मोजतात. १९८६ सालीं अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाच्या रुग्णालयांनीं भूल देण्याचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत भूल देणारानें सर्व वेळ रोग्याजवळ हजर असावें हा एक मुख्य नियम होता. यंत्रें कितीही आलीं, तरी राखण करणारा लागतोच. ब्रिटनमध्यें तर ३१ डिसेंबर २००१ नंतर दांतांसाठीं पुरी भूल रुग्णालयाबाहेर देण्यास बंदी झाली. कारण संकट आल्यास लागणारी माणसें व साधनें तेथेंच तयार असतात.

आतां आपलें कर्तव्य. भूल देणारा वैद्य कितीही निष्णात असो, रोग्यानें लपविलेली गोष्ट त्यास कळत नाहीं. पुऱ्या भुलीपूर्वीं सहा तास अन्न व दोन तास पाणीही वर्ज्य करण्याचा नियम आहे. कारण भुलींत पोटांतील अन्न उलटून फुप्फुसांत जाऊं शकतें. मुलानें भुकेनें चोरून एखादें बिस्किट खाल्लें असेल, तर रागें भरतील म्हणून तें लपवूं नये. शस्त्रक्रिया पुढें ढकलली जाईल एवढेंच. पालकांनींही चालू असलेलीं औषधें, पूर्वीं कोणत्या औषधानें आलेलें अंगावर पित्त, दमा, हृदयाचा विकार, ताजा खोकला, आणि घरांत कोणास भुलीपासून झालेला त्रास हें सर्व न विचारतां सांगावें. हालणारा दुधाचा दांत असेल तर तोही दाखवावा. घरीं आल्यावर ओठ बधिर आहे तोंवर मूल तो चावून जखम करीत नाहीं ना, इकडे लक्ष द्यावें व कढत पदार्थ देऊं नये. आणि वैद्यास ‘भूल कोण देणार? जवळ कोण राहणार?’ असें विचारण्यांत संकोच कसला? चांगल्या वैद्यास असा प्रश्न आवडतो.

भुलींत मनुष्य आपला जीव दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. त्याचे डोळे मिटलेले असतात. म्हणून दुसऱ्या कोणाचे तरी डोळे सताड उघडे असावे लागतात. हॅना ग्रीनरपासून आजपर्यंत जें जें शिकलें गेलें, त्याचें सार इतकेंच आहे.