खडकांचा कल आणि भूगर्भाचे चित्र

या स्मृतिव्याख्यानासाठी विषय निवडताना मला सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची एक कोरडी विंधन-विहीर आठवली. भोपाळ परिसरातील एका गावासाठी ती जागा मीच सुचविली होती. दोन बाजूंच्या विहिरींना ज्या खोलीवर पाणी लागले होते, ते बिंदू मी कागदावर सरळ रेषेने जोडले. मधोमध खोदल्यावर मात्र कठीण, कोरडा वालुकाश्म लागला. गावाची वर्गणी वाया गेली. चूक माझी होती.

ती समजून घ्यावयाची तर येथील भूमीची घडण पाहिली पाहिजे. विंध्य संघाचा वालुकाश्म अतिप्राचीन. तो झिजून टेकड्या व दऱ्या झाल्या. पुढे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी आलेल्या लाव्ह्याने त्या दऱ्या भरल्या. काही टेकड्या बेसाल्टाखाली गाडल्या गेल्या, काहींनी डोके वर ठेवले. माझ्या दोन विहिरींमध्ये अशीच एक गाडलेली टेकडी होती.

आज संगणकावर भूगर्भाचे त्रिमितीय प्रतिमान रचता येते. परंतु विवरे मोजकीच असतात. मधली जागा अनुमानानेच भरावी लागते. संगणकास दिशा सांगितली नाही, तर तो प्रत्येक विवराचा प्रभाव सर्व बाजूंना सारखाच पसरवितो. मग सलग थराऐवजी सुटी वर्तुळाकार बेटे दिसतात. खडकाला मात्र दिशा असते. उघड्या कातळावर थराची नती, म्हणजे त्याच्या उताराचा कोन व दिशा, आणि तिला काटकोनात असणारी नतिलंब रेषा मोजता येते. त्या कलाच्या दिशेने अनुमान दूरवर न्यावे, आडव्या दिशेने जपून.

मात्र एकाचा कल दुसऱ्यावर लादू नये. वालुकाश्माच्या थरांची नती निराळी, त्याच्या झिजलेल्या पृष्ठभागाचा चढउतार निराळा आणि लाव्ह्याचे बहुधा आडवे थर निराळे. म्हणून आधी घटनांचा क्रम लावावा, मग प्रत्येक पृष्ठभागास त्याचा स्वतःचा कल द्यावा. विभंग असेल तेथे थर तोडावा.

बेसाल्टाची जाडीही सर्वत्र सारखी नसते. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीस घेतलेल्या विवरात ती ३३८ मीटर भरली. कोयना परिसरातील ३ किलोमीटर खोल विवरात १,२४७ मीटर.

१९८४ ची वायुदुर्घटना सोसलेल्या या शहरात दूषित भूजल कोणत्या दिशेने सरकते, हा प्रश्न पुस्तकी नाही. त्याचे उत्तर शोधणाऱ्या विद्यार्थ्यांना माझे एवढेच सांगणे आहे: संगणकापुढे बसण्यापूर्वी एकदा टेकडीवर जाऊन कातळाला हात लावून या.