गवताच्या शेतीतील पहिले वर्ष

तण मारून गवत वाढवावयाचे, हे ऐकून आपल्याकडील शेतकऱ्यास हसू येईल. परंतु अमेरिकेच्या मध्यभागातील मैदानांत ही मोठ्या कसोटीची शेती आहे. १९३० नंतरच्या दशकात तेथील नांगरलेली माती वाऱ्याने उडाली, कित्येक कुटुंबे देशोधडीस लागली आणि १९३५ साली सरकारने मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते उभारले. माती धरून ठेवण्यासाठी पुढे जी देशी गवते पुन्हा लावण्यात आली, त्यांतील एक म्हणजे स्विचग्रास. ते पुरुषभर उंच होते आणि त्याची मुळे दहा फुटांपर्यंत खोल जातात.

त्याचे बी अगदी बारीक असते. जमीन आधी तणमुक्त करून, पाऊल रुतणार नाही इतकी घट्ट दाबून, ते पाव ते अर्धा इंच खोल पेरतात. पहिल्या वर्षी रोपाची बहुतेक शक्ती मुळांत जाते. वर दिसतात ती चार नाजूक पाती, आणि त्यांच्या डोक्यावर माजलेले तण! येथेच पुष्कळांचा धीर सुटतो व ते शेत नांगरून टाकतात.

वस्तुतः रोपांच्या शेंड्यांवरून तण कापीत राहावे आणि त्या वर्षी नत्रखत देऊ नये. ते तणच खाते. चौरस फुटात एक-दोन रोपे जिवंत असली तरी पुरे. दुसऱ्या वर्षी गवत दाटते, तिसऱ्या वर्षी पूर्ण उत्पन्न देते आणि नीट राखल्यास दहा वर्षांहून अधिक काळ पुन्हा पेरावे लागत नाही. नांगर जुंपण्यापूर्वी तण बाजूस सारून खाली पाहावे, ते याचसाठी.