पहिली पेशी

निरोप येतो तो बहुतेक एवढाच असतो: पोराला ठाण्यात नेलंय. बऱ्हाणपुरात त्यावर लगेच विचारलं जातं, कुठल्या ठाण्यात? कोतवाली, लालबाग, शिकारपुरा, गणपती नाका ही शहरातली. शहापूर, निंबोला, खकनार, नेपानगर ही बाहेरची. नाव कळलं की धावपळ सुरू होते आणि पहिले मोलाचे तास त्या धावपळीतच जातात, कारण कुणाला भेटायचं आणि काय मागायचं हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. त्या तासांविषयी आणि त्यानंतर ज्या कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात त्याविषयी हे लिहितो आहे.

बऱ्हाणपूर जिल्हा तसा नवा. १५ ऑगस्ट २००३ ला तो खंडव्यातून, म्हणजे जुन्या पूर्व निमाडातून वेगळा झाला. शहर मात्र तापीकाठचं, मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचं जुनं ठाणं. भुसावळकडे जाणारी गाडी इथून सुटली की रावेर येतं आणि महाराष्ट्र सुरू होतो. केळीचे ट्रक, यंत्रमागाचं कापड, सोयरिकी, सगळं या सीमेवरून रोज ये-जा करतं. शहापूरकडच्या कितीतरी घरांत बोली मराठीच आहे. कायद्याच्या नकाशावर मात्र ही रेघ ठळक आहे. रावेरच्या माणसाचं अपील औरंगाबाद खंडपीठाकडे जातं. बऱ्हाणपूरच्या माणसाला जबलपूर गाठावं लागतं. जवळचं इंदूर खंडपीठ त्याच्या वाट्याला येत नाही.

रेघेबरोबर शब्दही बदलतात. आरोपीचा ‘मुलजिम’ होतो, जामिनाची ‘जमानत’, तारखेची ‘पेशी’. यातला सगळ्यात फसवा शब्द म्हणजे ‘चालान’. आपल्याकडे चलन म्हणजे बँकेत भरायचा कागद, नाहीतर ट्रॅफिक पोलिसाने फाडलेली दंडाची पावती. मध्य प्रदेशातल्या कोर्टात ‘चालान पेश हो गया’ म्हणजे दोषारोपपत्र दाखल झालं, आता खटला उभा राहणार. रावेरहून आलेल्या बापाने हे वाक्य ऐकून दंड भरून प्रकरण मिटलं असं समजावं, इतका हा शब्द ओळखीचा वाटतो.

म्हणून सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेला एक निकाल मला या जिल्ह्यासाठी फार मोलाचा वाटतो. मुंबईत वरळीला जुलै २०२४ मध्ये भरधाव गाडीखाली एका महिलेचा जीव गेला, त्या प्रकरणातून तो आला. अटकेची कारणं अटक झालेल्या माणसाला लेखी द्यायची, त्याला समजेल अशा भाषेत द्यायची, आणि लगेच देणं शक्यच नसेल तर निदान मॅजिस्ट्रेटपुढे उभं करण्याच्या दोन तास आधी तरी द्यायची. नाही दिली तर अटकच बेकायदा. ‘त्याला समजेल अशा भाषेत’ हे शब्द सीमेवरच्या जिल्ह्यात फार जड आहेत. ज्याला हिंदी नीट वाचता येत नाही त्याने तसं स्पष्ट सांगावं, आणि कागदावर सही करण्याआधी सांगावं.

अटकेच्या वेळी एक पंचनामा होतो. तो नुसता उपचार समजू नये. त्यावर तारीख आणि वेळ असते, आणि किमान एका साक्षीदाराची सही असते: घरातला कुणी, नाहीतर त्या वस्तीतला प्रतिष्ठित माणूस. ही पद्धत १९९६ च्या डी. के. बसू निकालातून आली आणि पुढे कायद्यात उतरली. त्यातली वेळ नीट पाहावी, कारण सगळी मोजणी तिथून सुरू होते. संविधानाच्या २२ व्या अनुच्छेदाप्रमाणे अटकेपासून २४ तासांच्या आत माणसाला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं. प्रवासाचा वेळ तेवढा यातून वगळतात. रविवार असो की दिवाळी, सुटीच्या दिवसासाठीही मॅजिस्ट्रेट नेमलेले असतात. पोलिसांनी सकाळी दहाला नेलं आणि पंचनाम्यावर रात्रीचे दहा लिहिले, तर मधले बारा तास कागदावर घडलेलेच नाहीत. म्हणून घरच्यांनी स्वतःच्या वहीत वेळ लिहून ठेवावी, फोन कितीला आला, ठाण्यात कितीला पोचलो. साधी गोष्ट आहे, पण वकिलाच्या हातात ती फार उपयोगी पडते.

१ जुलै २०२४ पासून जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले, गाभा बराचसा तोच राहिला. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक गरजेची आहे का हे पोलिसांना आधी तपासावं लागतं. गरज नसेल तर नोटीस देऊन बोलावतात. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायची तर कारण तसंच मोठं हवं, सोबत महिला अधिकारी हवी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. घरच्यांना कळवणं, वैद्यकीय तपासणी, चौकशीच्या काळात वकिलाला भेटू देणं हे सगळे हक्क आहेत, कुणाची मेहरबानी नाही. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा होत नाही, आणि स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती कुणालाच करता येत नाही. ठाण्यात बसलेल्या घाबरलेल्या पोराला एवढं एक वाक्य कुणी सांगितलं तरी खूप झालं.

समजा बऱ्हाणपूरच्या पोलिसांनी माणूस रावेरात पकडला. आणखी एक टप्पा वाढला. इथे कोर्टात आणण्याआधी त्याला तिकडच्या मॅजिस्ट्रेटपुढे उभं करून नेण्याची परवानगी घेतात. तिला ‘ट्रान्झिट रिमांड’ म्हणतात. घरच्यांना गाठायचं असेल तर ही जागा सगळ्यात जवळची असते.

मग ती पहिली पेशी. सिनेमातलं कोर्ट मनात घेऊन आलेल्या माणसाला तिथे काय घडलं हे कळायच्या आत ती संपून जाते. साक्षी होत नाहीत, दोषी की निर्दोष हे कुणी विचारत नाही. सरकारच्या बाजूने इथे एडीपीओ, म्हणजे सहायक जिल्हा अभियोजन अधिकारी उभे असतात. मॅजिस्ट्रेटसमोर केस डायरी असते. ठरायचं असतं एवढंच की माणूस पोलिसांच्या ताब्यात परत जाणार, तुरुंगात जाणार की घरी. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांहून जास्त देता येत नाही, पण नव्या संहितेत ते दिवस सलग नसले तरी चालतात; गुन्ह्याप्रमाणे पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्या-तुकड्यांनीही मागता येतात. जुन्या कायद्यात पहिला पंधरवडा उलटला की पोलीस कोठडीची टांगती तलवार उतरायची. आता ती दीड-दोन महिने तशीच राहते, आणि हा बदल मला आरोपीच्या दृष्टीने चांगला वाटत नाही.

त्या काही मिनिटांत एक गोष्ट मात्र आरोपीच्याच हातात असते. मारलं असेल तर ते तिथे, तोंडाने, मॅजिस्ट्रेटला सांगायचं. जखम दाखवायची. वकील नसेल तर नाही म्हणून सांगायचं. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. १५१०० हा त्यांचा देशभरचा फोन नंबर. ‘सरकारी वकील म्हणजे पोलिसांचाच’ अशी भीती लोकांच्या मनात असते. विधी सेवेतला वकील तसा नसतो. सरकारची बाजू एडीपीओ मांडतात, हा आपली मांडतो.

जामीनपात्र गुन्हा असेल तर जामीन हा हक्कच आहे, ठाण्यातही मिळतो. अजामीनपात्र असेल तर अर्ज, सुनावणी, आणि मॅजिस्ट्रेटने नाकारलं तर सेशन्स कोर्ट, मग जबलपूर. पोलिसांनी ६० दिवसांत, गंभीर गुन्ह्यात ९० दिवसांत चालान दाखल केलं नाही तर जामीन मागण्याचा हक्क आपोआप उभा राहतो. मात्र मागावा लागतो. न मागता ६१ वा दिवस गेला आणि दरम्यान चालान आलं, तर तो हक्क हातचा जातो.

जामीन मंजूर झाल्याचं ऐकून घरचे पेढे आणतात, आणि खरा खोळंबा तिथेच सुरू होतो. मध्य प्रदेशात शेतकऱ्याकडे एक छोटं पुस्तक असतं, भू-अधिकार आणि ऋण पुस्तिका. त्यात जमिनीचा तपशील आणि घेतलेल्या कर्जाच्या नोंदी. जामीनदार म्हणून उभा राहणारा माणूस हेच पुस्तक कोर्टापुढे ठेवतो आणि जामिनाची नोंद त्यात चढते, म्हणजे त्याच जमिनीवर तो पुन्हा सहजी जामीन राहू शकत नाही. आता रावेर तालुक्यातला मामा सातबारा घेऊन येतो. जमीन खरी, उतारा खरा, माणूस खरा. पण या कोर्टाला सवयीचा असलेला कागद तो नव्हे, आणि जमीन दुसऱ्या राज्यातली. भाच्याची तुरुंगातली एक-एक रात्र त्या कागदाच्या फरकापायी जाते.

ही अडचण नवी नाही, आणि तिच्यावरचं उत्तरही मध्य प्रदेशातूनच निघालेलं आहे. मोतीराम नावाचा एक गरीब गवंडी. सर्वोच्च न्यायालयाने त्याला जामीन दिला, पण मॅजिस्ट्रेटने दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि भाऊ उभा राहिला तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. प्रकरण परत दिल्लीला गेलं. १९७८ मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी एक हजाराच्या जातमुचलक्यावर त्याला सोडायला सांगितलं, आणि भारतीय माणूस भारतातच कुठे परका कसा ठरतो, हा प्रश्न सडेतोड विचारला. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं की स्थानिक जामीनदाराच्या हट्टापायी सुटका अडत असेल तर ती अट घालू नये, आणि महिनाभरात जामीन भरता आला नाही तर कोर्टाने स्वतःहून अटी सैल करण्याचा विचार करावा. दोन निकालांमध्ये ४५ वर्षं गेली. मामाच्या हातात सातबाऱ्याबरोबर या दोन निकालांची नावंही असावीत असं मला मनापासून वाटतं.

या जिल्ह्याने देशाच्या बातम्यांत एकदा अशी अटक पाहिली आहे. १८ जून २०१७ ला क्रिकेटच्या चॅम्पियन्स ट्रॉफीत पाकिस्तान जिंकला, त्या आनंदात घोषणा दिल्या आणि फटाके फोडले या आरोपावरून मोहद गावातल्या १५ मुसलमान माणसांना शहापूर पोलिसांनी पकडलं. कलम राजद्रोहाचं. त्यांना खंडव्याच्या तुरुंगात ठेवलं. काही दिवसांतच पोलिसांनी राजद्रोहाचं कलम काढून दोन समाजांत तेढ वाढवल्याचं कलम लावलं, आणि ज्याच्या नावाने फिर्याद होती त्यानेच आपण अशी तक्रार दिलीच नाही असं जाहीरपणे सांगितलं. महिना संपायच्या आत जामीन झाला.

खटला मात्र चालूच राहिला. ते निर्दोष सुटले ऑक्टोबर २०२३ मध्ये, सहा वर्षांनी. तुरुंगातले दिवस मोजण्याजोगे होते. पेशीचे दिवस कोण मोजणार? मजुरी करणाऱ्या माणसाच्या लेखी प्रत्येक पेशी म्हणजे एक बुडालेला रोज, गावाहून शहरापर्यंतचं भाडं आणि दिवसभर आपलं नाव पुकारलं जाण्याची वाट. गैरहजर राहिलं की वॉरंट निघतं, आणि त्याच्यासाठी जामीन राहिलेल्याच्या जमिनीवर बोट येतं. म्हणून अंगात ताप असला तरी जावं लागतं.

आणि निकालाच्या दिवशीही कागद संपत नाही. सुटणाऱ्याकडून कोर्ट आणखी एक बंधपत्र लिहून घेतं: वरच्या कोर्टात अपील झालं तर हजर राहीन. त्याची मुदत सहा महिन्यांची असते.