टायरची धूळ आणि कोहो मासा

मोटारगाडीच्या धुराविषयी आपण पुष्कळ ऐकतो. तिच्या चाकांविषयी मात्र क्वचितच कोणी बोलतो. कोकणच्या किनाऱ्यावरून येथे आलेल्या आपल्या लोकांस माशाचे मोल सांगावयास नको. म्हणूनच अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावर सिॲटल शहरात घडलेली ही हकीकत आपणांपुढे ठेवीत आहे.

कोहो हा सामन जातीचा मासा होय. तो ओढ्यात जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी पुन्हा गोड्या पाण्यात परततो. सिॲटलच्या रहिवाशांनी आपले गलिच्छ झालेले ओढे १९९० नंतरच्या काळात मोठ्या कष्टाने स्वच्छ केले. मासे परतलेही. परंतु शरद ऋतूतील पाऊस पडताच ते पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन तोंड वासू लागत, दिशा चुकून भरकटत आणि काही तासांतच मरत. मेलेल्या माद्यांची पोटे अंड्यांनी भरलेलीच असत. काही ओढ्यांत परतलेल्या माशांपैकी निम्म्याहून अधिक असे व्यर्थ गेले.

रस्त्यांवरून वाहून आलेले पाणी घातक आहे, एवढे लवकरच कळले. पण त्यातील नेमके विष कोणते, हे उमगण्यास सुमारे वीस वर्षे लागली. वॉशिंग्टन राज्यातील विद्यापीठांच्या शास्त्रज्ञांनी टायरचा कीस पाण्यात भिजविला, त्यातील असंख्य द्रव्ये एकामागून एक वेगळी केली आणि डिसेंबर २०२० मध्ये अपराधी जाहीर केला. हवेतील ओझोन वायूने रबरास चिरा पडतात. त्या पडू नयेत म्हणून टायरमध्ये '६पीपीडी' नावाचे द्रव्य घालतात. ते स्वतः ओझोनशी संयोग पावून रबर वाचविते. मात्र त्यातून '६पीपीडी-क्विनोन' हे नवे द्रव्य जन्मास येते. टायर झिजतो, धूळ रस्त्यावर साचते आणि पाऊस ती ओढ्यात नेतो.

हे विष किती उग्र आहे? एक लिटर पाण्यात सुमारे ९५ नॅनोग्रॅम असले, तरी कोहोची निम्मी पिल्ले दगावतात. पंचवीस लक्ष लिटर पाण्याच्या हौदास पाव ग्रॅमही पुरे! नवल असे की, चम नावाच्या दुसऱ्या सामन माशास त्याच पाण्यात काही होत नाही.

सुदैवाने उपाय अगदीच नाही असे नव्हे. विषाचे नाव कळण्यापूर्वीच, २०१५ साली, असे दिसून आले होते की रस्त्याचे पाणी वाळू व कुजलेल्या खताच्या थरांतून गाळल्यास कोहो जिवंत राहतात. परंतु प्रत्येक रस्त्याकडेला असे गाळणे बांधणे खर्चाचे आहे. म्हणून यूरोक, पुयालप व पोर्ट गॅम्बल स्क्लालम या आदिवासी जमातींनी ऑगस्ट २०२३ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण खात्याकडे, टायरमधून हे द्रव्य काढावे, असा अर्ज केला. नोव्हेंबरात तो स्वीकारला गेला. मात्र पर्याय असा हवा की, टायरही फुटू नये आणि मासाही मरू नये.

आपल्या येथेही उन्हाळाभर साचलेली रस्त्यावरची धूळ पहिल्या पावसात वाहून जाते. ती कोठे जाते, हा प्रश्न आपणही विचारावयास हवा. मनुष्याच्या सोयीसाठी योजलेली वस्तू वापरून झाली म्हणजे नाहीशी होत नाही, हेच या मुक्या जिवांनी आपणांस दाखवून दिले आहे.