आकाशातील रेषा आणि जमिनीवरील जबाबदारी

आकाशाला कुंपण नसते, अशी सर्वसामान्य समजूत आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने आकाशाचे ‘ए’ ते ‘जी’ असे सात वर्ग पाडले असून, कोणी, कोणाच्या परवानगीने आणि कोणाच्या भरवशावर उडावे हे त्यावरून ठरते. ‘ए’ वर्गात केवळ उपकरणांच्या आधारे उडणाऱ्या विमानांना प्रवेश मिळतो. ‘बी’ वर्गात नजरेच्या आधाराने उडणारी विमानेही येतात. मात्र प्रत्येकाला प्रत्येकापासून दूर ठेवण्याचा भार नियंत्रकावर असतो. पुढच्या वर्गांत हा भार हलका होत जातो आणि ‘जी’ वर्गात वैमानिकाने स्वतः पाहावे व स्वतः टाळावे, एवढाच नियम उरतो.

या नियमाच्या मर्यादा अमेरिकेने भारी किंमत देऊन जाणल्या. 25 सप्टेंबर 1978 रोजी सॅन दिएगो येथे प्रवासी विमानाच्या वैमानिकांनी पुढचे छोटे विमान दिसत असल्याचे कळविले, अंतर राखण्याची जबाबदारी पत्करली आणि नंतर ते विमान त्यांच्या दृष्टीआड झाले. 144 माणसे प्राणास मुकली. 31 ऑगस्ट 1986 रोजी लॉस एंजल्सनजीक एक छोटे विमान विनापरवाना नियंत्रित क्षेत्रात शिरले. आपली उंची रडारला कळविणारे यंत्र त्यात नव्हते. मेक्सिकोच्या प्रवासी विमानाशी त्याची टक्कर होऊन 82 बळी गेले. त्यानंतर मोठ्या प्रवासी विमानांत टक्कररोधक उपकरणे सक्तीची झाली.

नजरेवर किती विसंबावे, हे साधे गणितच सांगते. 250 नॉट वेगाची दोन विमाने समोरासमोर आली, तर त्यांच्यातील अंतर सेकंदाला सुमारे 257 मीटरने घटते. तीन किलोमीटरचे अंतर संपण्यास बारा सेकंदही लागत नाहीत.

तरीही 29 जानेवारी 2025 च्या रात्री वॉशिंग्टन येथे, थेट ‘बी’ वर्गात, लष्करी हेलिकॉप्टरने नजरेने अंतर राखण्याची मुभा मागितली आणि ती मिळाली. उतरत असलेल्या प्रवासी विमानाशी त्याची टक्कर झाली व 67 जण दगावले. जमिनीलगत टक्कररोधक उपकरण बचावाचा आदेश देत नाही. त्याहून गंभीर बाब अशी की, ऑक्टोबर 2021 ते डिसेंबर 2024 या काळात त्या विमानतळाजवळ विमाने व हेलिकॉप्टरे एकमेकांच्या धोकादायक जवळ आल्याच्या 15,214 घटना नोंदींतून निघाल्या. इशारे दप्तरात पडून होते. ते वाचले गेले अपघातानंतर.

हा प्रश्न परदेशापुरता नाही. मुंबईत सांताक्रूझच्या धावपट्टीपासून हाकेच्या अंतरावर जुहूची हेलिकॉप्टरे उडतात. पुण्याच्या लोहगावला आणि गोव्याच्या दाबोळीला नागरी व लष्करी विमाने एकच धावपट्टी वापरतात. 1996 साली चरखी दादरी येथे 349 जण मृत्युमुखी पडले, तेव्हा दिल्लीच्या रडारला विमानांची उंची दिसत नव्हती.

तात्पर्य, वर्गाचे अक्षर हे संरक्षण नव्हे. ते केवळ एक वचन आहे. ते पाळायचे तर पुरेसे नियंत्रक हवेत, नजरेच्या भरवशावरील सवलत गर्दीच्या जागी आवरती घेतली पाहिजे आणि थोडक्यात टळलेल्या प्रत्येक टकरीची दखल त्याच आठवड्यात घेतली गेली पाहिजे. मृतांची संख्या मोजण्यापेक्षा टळलेले प्रसंग मोजणे केव्हाही स्वस्त पडते.