चित्रकलेच्या मास्तरांचा नांगर

लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये दाखलही झाले. पण रंग नीट ओळखता येत नाहीत म्हटल्यावर ते यंत्रांच्या रेखाटनाकडे वळले आणि पुढे तेच शिकवू लागले. बढती डावलली गेली तेव्हा नोकरीवर पाणी सोडून त्यांनी बेळगावात सायकलींचं दुकान थाटलं.

जन्म बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, त्यामुळे गिऱ्हाईक म्हणून डोळ्यांपुढे शेतकरीच होता. आधी कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीपायी नांगर बराच काळ पडून राहिले. पण गडी हटला नाही. 1910 मध्ये औंध संस्थानच्या मदतीने कारखाना कुंडलजवळच्या माळावर गेला, तीच किर्लोस्करवाडी. पुढचा मालही शेतातलाच: उसाचे चरक, पाण्याचे पंप.

मुलगा शंतनुराव अमेरिकेत एमआयटीत इंजिनियर झाला. त्याच्या काळात उडी डिझेल इंजिनांवर गेली. 1946 मध्ये पुण्यात ‘किर्लोस्कर ऑइल इंजिन्स’ निघाली. अर्थात सगळं श्रेय शिक्षणाला देणं घाईचं ठरेल. स्वातंत्र्यानंतर विहिरीवर इंजिन हवं असणारा शेतकरी वाढत होता, आणि त्याच्याशी किर्लोस्करांची ओळख जुनी होती.