रायफलीवरील दुर्बीण व तिची बैठक

उसाच्या फडांत दिवसा दडावें आणि रात्रीं शेजारच्या मक्यांत शिरावें, हा रानडुकरांचा परिपाठ परांड्याकडील बागाईतदारांस आम्हीं नव्यानें सांगावयास नको. ज्यांच्याजवळ रायफलीचा परवाना आहे, त्यांना अंधुक उजेडांतहि नेम साधावा म्हणून दुर्बिणीचा मोह होतो. मोह वाईट नाहीं. परंतु सारा पैसा भिंगांवर खर्चून बैठकीकडे दुर्लक्ष करणें घातक आहे.

प्रथम कायद्याचें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें पीक नासणारें डुक्करहि वनखात्याच्या लेखी परवानगीवांचून मारतां येत नाहीं. काळविटाबाबत तर पिकाच्या नुकसानीचें कारण चालतच नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यांत पीकसंरक्षणासाठीं जी बंदूक सांगितली आहे ती तोंडानें भरावयाची. तिच्यावर दुर्बीण चढविणें व्यर्थ होय.

बार उडाला कीं रायफल झटक्यानें मागें येते. दुर्बीण मात्र होती तेथेंच राहूं पाहते. हा ताण खालच्या बारीक स्क्रूंवर पडतो. परांड्याहून १६३२ सालीं विजापुरास नेलेली मलिक-ए-मैदान तोफ सुमारें ५५ टनांची. आठ-नऊ पौंडांच्या रायफलीला त्या भाराचा आधार नाहीं. हिशेब करून पाहावा. दुर्बिणीच्या दोन कड्यांत पांच इंचांचें अंतर असून त्यांतील एक कडें इंचाचा शंभरावा भाग सरकलें, तर शंभर यार्डांवर गोळी सात इंचांहून अधिक ढळते. खांद्यामागें धरलेला नेम पोटांत लागतो, जखमी डुक्कर फडांत शिरतें, आणि सकाळीं पाणी धरणाऱ्या गड्यावर उलटतें.

आपल्याकडील ३१५ बोअरची रायफल ली-एनफील्ड धाटणीची; काडतुसें भरावयाची जागा माथ्यावर असल्यानें तेथें बैठक अडचणीची होते. दुसऱ्या महायुद्धांत याच धाटणीच्या रायफलींवर ब्रिटिशांनीं दुर्बीण डाव्या कुशीला बसविली, व बैठकीचे तुकडे स्क्रूंनीं आवळून वर डाकहि दिला. भोकें पाडून आटे घालण्याचें काम परवानाधारक बंदूक-कारागिराचेंच. घरच्या ड्रिलनें तें करूं नये.

पुढील काम स्वतः करतां येतें. रायफल रिकामी आहे हें डोळ्यांनीं पाहावें. स्क्रू व भोकें स्पिरिटनें पुसावीं. तेलकट आट्यांत स्क्रू घट्ट भासतो, पण धक्क्यांनीं सुटतो. दुर्बीण डोळ्यापासून तीन-साडेतीन इंच राहील असें पाहावें, नाहीं तर भुवई फुटते. रायफल समतल ठेवून, दूर टांगलेल्या ओळंब्याच्या दोरीशीं उभी तार जुळवावी. मग गाडीच्या चाकाचे नट आवळतात तसे कड्यांचे स्क्रू समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावेत. एकीकडील एकदम आवळल्यास दुर्बिणीची नळी पिचते. आडदांड गड्याच्या हातीं पाना देऊं नये. स्क्रूच्या माथ्यावरून बैठकीपर्यंत रंगाची बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली कीं स्क्रू फिरला.

शेवटीं अधिकृत चांदमारीवर प्रथम पंचवीस व नंतर शंभर यार्डांवर तीन-तीन गोळ्या झाडाव्यात. तिन्ही जवळ पडून केंद्रापासून दूर असतील, तर दुर्बिणीच्या चकत्या फिरवाव्यात. विखुरल्या, तर चकत्यांस हात न लावतां आधीं पाना घ्यावा.